चिलिका पाहायला जाताना या चुका टाळा

भिगवण आणि नांदूर मधमेश्वरचे पाणी पाहून झाले की महाराष्ट्रातल्या पक्षिनिरीक्षकांच्या बोलण्यात पुढचे नाव हमखास ओडिशातल्या चिलिकाचे निघते. तिथे जाताना मात्र आपण नकळत धरणाच्या फुगवट्याची सवय सोबत नेतो. धरणाच्या काठावर एक ठरलेले गाव असते, ओळखीचा नावाडी असतो, सकाळी दोन-तीन तासांचा फेरा झाला की पाणी पाहून झाले असे मानता येते. चिलिकाला हा हिशेब लागू पडत नाही. महानदीच्या त्रिभुज प्रदेशाच्या दक्षिण टोकाला असलेले हे खाजण सरोवर पावसाळ्यात सुमारे 1,165 चौरस किलोमीटरपर्यंत पसरते आणि उन्हाळ्यात आक्रसून सुमारे 900 चौरस किलोमीटरवर येते. दया, भार्गवी, नूना या महानदीच्या शाखा उत्तरेकडून त्यात गोडे पाणी आणि गाळ आणून ओततात. पूर्वेला वाळूच्या लांबलचक दांड्यापलीकडे बंगालचा उपसागर आहे आणि दांड्यातल्या मुखांमधून भरतीचे खारे पाणी आत येते. नदी आणि समुद्र यांच्या या देवाणघेवाणीमुळे पाण्याची चव, खोली, गवत, मासे आणि पक्षी हे सारे जागेनुसार आणि महिन्यानुसार बदलते. प्रवासी ज्या चुका करतात, त्यांतल्या बहुतेक हा बदल लक्षात न घेतल्यामुळे होतात.

एकाच धक्क्यावरून सारे चिलिका पाहण्याचा बेत

ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे आणि पहिल्या खेपेला ती मीही केली. पुरीहून सुमारे पन्नास किलोमीटरवर असलेल्या सातपाड्याला मी दुपारी पोहोचलो आणि नावाड्याला रोहित पक्ष्यांचे थवे दाखवण्याची विनंती केली. त्यांनी पश्चिमेकडे हात केला आणि ते पाणी वेगळे, तिथे जायचे तर बाळुगावहून पहाटे निघावे लागते, असे शांतपणे सांगितले. ते खरेच होते. चिलिकाचे अभ्यासक त्याचे चार भाग मानतात: उत्तरेचा, मधला, दक्षिणेचा आणि समुद्राला जोडणारा बाहेरचा प्रवाहमार्ग. सातपाडा या बाहेरच्या प्रवाहमार्गावर आहे आणि तिथे डॉल्फिन दिसतात. मंगलाजोडी उत्तरेच्या गोड्या दलदलीत आहे. बाळुगाव आणि बरकुल पश्चिम काठावर मधल्या भागात येतात. कालीजाई देवीचे बेट आणि नलबण हे पक्ष्यांचे बेट इथून जवळ पडतात. रंभा दक्षिणेला असून तिथे पाणी तुलनेने स्वच्छ, किनारा डोंगराळ आणि बेटे खडकाळ आहेत.

सातपाड्याहून मंगलाजोडीला जायचे तर रस्त्याने सरोवराला मोठा वळसा घालावा लागतो, त्यामुळे ही दोन ठिकाणे एकाच दिवसात बसवू नयेत. किमान तीन रात्री हाताशी ठेवाव्यात. भुवनेश्वरहून सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या मंगलाजोडीत पहिला मुक्काम करावा, तिथून बाळुगावला किंवा रंभेला जावे आणि सातपाडा पुरीच्या बाजूने वेगळा ठेवावा. दोनच दिवस मिळणार असतील तर सातपाडा आणि मंगलाजोडी यांतले एकच निवडावे, आणि पक्ष्यांसाठी जाणाऱ्याने ते मंगलाजोडी निवडावे असे माझे स्पष्ट मत आहे.

महिना न पाहता काढलेले तिकीट

नलबण हे नाव त्या जागेवर दाट वाढणाऱ्या नळ गवतावरून पडले. सुमारे साडेपंधरा चौरस किलोमीटरचे हे बेट पक्षी अभयारण्य आहे, पण पावसाळ्यात ते पाण्याखाली असते. सरोवराची पातळी ओसरू लागली की त्याचा चिखल हळूहळू उघडा पडतो आणि त्याच वेळी उत्तरेकडून स्थलांतरित पक्षी उतरू लागतात. म्हणजे ऑगस्टमध्ये गेलेल्या माणसाला नलबणाच्या जागी फक्त पाणी दिसेल; तिथे नावाड्याशी वाद घालण्यात अर्थ नाही. नोव्हेंबरच्या उत्तरार्धापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ पक्ष्यांसाठी उत्तम असतो.

ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांनी हवामान खात्याचा अंदाज रोज पाहावा. 2013 साली फायलिन चक्रीवादळ 12 ऑक्टोबरला याच किनाऱ्यावर, गोपालपूरजवळ, धडकले होते. वादळाचा इशारा असताना आरक्षण वाया जाईल म्हणून निघणे ही चूक कोणी करू नये. उन्हाळ्यात अडचण वेगळी असते. दुपारी दक्षिणेचा वारा सुटला की एरवी शांत दिसणारे उथळ पाणी आखूड, उंच लाटांनी उसळू लागते आणि लहान नावेचा परतीचा प्रवास कठीण होतो. त्या दिवसांत सकाळीच निघून ऊन चढण्याआधी काठावर परत यावे. डॉल्फिन मात्र बारा महिने इथेच राहतात, त्यामुळे केवळ त्यांच्यासाठी जाणाऱ्याला हिवाळ्याचे बंधन नाही.

डॉल्फिनच्या मागे नाव पळवणे

चिलिकातला डॉल्फिन इरावडी जातीचा आहे. त्याचे डोके गोल असते, पुढे आलेली चोच नसते आणि पाठीवरचा पंख लहान व बोथट असतो. समुद्रातल्या खेळांच्या चित्रफिती पाहून गेलेले प्रवासी त्याच्याकडून उंच उड्यांची अपेक्षा करतात आणि पाठीची करडी कमान क्षणभर दिसून पाण्यात विरली की निराश होतात. मग नावाड्याला ‘अजून जवळ घ्या, अजून जोरात’ असा आग्रह सुरू होतो. बक्षिशीच्या आशेने तोही इंजिनाचा जोर वाढवतो, मागच्या चार नावा तेच करतात आणि एका प्राण्याभोवती पाच इंजिनांचे कडे पडते. या सरोवरात त्यांची संख्या दीडशेच्या आसपास आहे, एवढे सांगितले की या घोळक्याचे गांभीर्य कळावे. हा प्राणी आवाजावर जगतो. गढूळ पाण्यात तो ध्वनीच्या प्रतिध्वनीने वाट आणि मासा शोधतो, आणि इंजिनाच्या गोंगाटात त्याला ते जमत नाही. पंख्याच्या पात्यांनी होणाऱ्या जखमा आणि जाळ्यांत अडकणे हे धोके तर आहेतच.

तासभर फिरूनही काही दिसले नाही तर वेग वाढवू नये, नाव थांबवावी. मासेमारीच्या जाळ्यांच्या रांगांपासून थोड्या अंतरावर, प्रवाहाची ओढ असेल अशा जागी इंजिन पूर्ण बंद करायला सांगावे आणि सर्वांनी गप्प बसावे. पहिली पाच मिनिटे लांब वाटतात. मग कुठेतरी मागच्या बाजूला ‘फुस्स’ असा दमदार श्वास ऐकू येतो. मान वळवेपर्यंत पाण्यावर फक्त एक गुळगुळीत वर्तुळ उरलेले असते. साधारणपणे तो लागोपाठ काही वेळा वर येतो, त्यामुळे पुढच्या श्वासासाठी कॅमेरा त्याच दिशेला धरून ठेवावा. निदान पन्नास मीटर अंतर राखावे. आणि नावेत बसण्यापूर्वीच ‘डॉल्फिन दिसो वा न दिसो, ठरलेले पैसे पूर्ण देऊ, पाठलाग मात्र नको’ असे सांगून टाकावे. या एका वाक्याने नावाड्यावरचा सारा ताण उतरतो.

समुद्राच्या मुखाशी होणारी फसगत

विसाव्या शतकाच्या अखेरीस नद्यांचा गाळ साचून आणि किनाऱ्याला समांतर वाहणाऱ्या वाळूमुळे जुने मुख दूर सरकून चिलिकाचा समुद्राशी संबंध क्षीण झाला होता. क्षारता घटली, गोड्या पाण्यातले तण माजले, मासळी कमी झाली आणि 1981 साली राजस्थानातल्या केवलादेवसह भारतातले पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) ठरलेले हे सरोवर 1993 साली धोक्यातल्या पाणथळ जागांच्या माँट्रो नोंदीत गेले. त्यानंतर चिलिका विकास प्राधिकरणाने 23 सप्टेंबर 2000 रोजी सिपाकुडा येथे नवे मुख उघडले. खारे पाणी परत आले, मासळी वाढली आणि 2002 साली चिलिकाचे नाव त्या नोंदीतून वगळण्यात आले. हा इतिहास प्रवाशाला उपयोगाचा अशासाठी की इथे मुख ही कायमची जागा नाही. वाळू ते सतत सरकवते आणि मे 2019 मधल्या फनी वादळाने तर दांड्याला नवी तोंडे पाडली. म्हणून जुना नकाशा किंवा मित्राने पाठवलेला मोबाईलवरचा मार्ग प्रमाण मानून नावाड्याला वाट सांगू नये. कालपर्यंत खोल असलेला मार्ग आज वाळूने भरलेला असू शकतो आणि ते फक्त रोज जाणाऱ्यालाच ठाऊक असते.

मुखाजवळच्या वाळूवर उतरल्यावर पोहण्याचा मोह टाळावा. भरती-ओहोटीच्या वेळी एवढ्या मोठ्या सरोवराचे पाणी त्या अरुंद वाटेने आत-बाहेर करते आणि गुडघाभर पाण्यातही पायाखालची वाळू निसटते. याच वाळूवर शिंपले फोडून ‘ताजे मोती’ विकणारे भेटतात. प्रत्येक शिंपल्यातून न चुकता मोती निघतो, तेव्हा तो आत आधीच ठेवलेला असतो हे ओळखावे. लाल खेकडे बादलीत धरून दाखवणाऱ्यांनाही पैसे देऊ नयेत. हेच खेकडे थोडे लांब, दोन मिनिटे स्थिर उभे राहिले की बिळांतून आपोआप बाहेर येतात.

मंगलाजोडीत उशिरा पोहोचणे आणि जवळ जाण्याचा हट्ट

मंगलाजोडी एकेकाळी पक्ष्यांच्या शिकारीसाठी कुप्रसिद्ध होते. इथल्या बदकांचे मांस बाजारात जात असे. या शतकाच्या आरंभी गावातल्या शिकाऱ्यांनीच बंदुका आणि विषप्रयोग सोडून पक्षी राखायचे ठरवले आणि श्री श्री महावीर पक्षी सुरक्षा समिती उभी राहिली. आज नाव चालवणाऱ्या आणि पक्षी दाखवणाऱ्या काही जणांचे वडील, काही वेळा ते स्वतः, पूर्वी शिकारी होते. पक्षी कुठे झोपतो, कोणत्या आवाजाला बिचकतो, हे ज्ञान त्यांना त्या काळापासून आहे. म्हणून त्यांनी ‘इथेच थांबू’ म्हटले की थांबावे.

इथली नाव लाकडी, सपाट बुडाची, तीन-चार माणसांची असते आणि बांबूने ढकलत नेली जाते. पहाटे अंधार विरत असताना ती नळांच्या भिंतींमधल्या अरुंद पाणवाटेत शिरते. बांबू चिखलातून उपसताना होणारा ओला आवाज, काठीवरून ओघळणारे पाणी आणि दोन हातांवर, अगदी डोळ्यांच्या पातळीवर, चिखलात चोच खुपसून चाललेले पाणटिवळे, असे दृश्य सकाळी दहानंतर गेलेल्याला मिळत नाही. ऊन चढले की पाण्यावरची हवा थरथरते आणि महागड्या लेन्सनेही चित्र धूसर येते. छायाचित्र बिघडले की बहुतेक जण लेन्स तपासतात. खरे तर चूक वेळेची असते.

थवा उडतानाचे चित्र मिळावे म्हणून टाळी वाजवणे किंवा नाव थव्यात घुसवायला लावणे हा मात्र अपराधच मानावा. हजारो किलोमीटर उडून आलेला पक्षी इथे परतीच्या प्रवासासाठी चरबी साठवत असतो आणि प्रत्येक निष्कारण भरारीत त्यातली थोडी खर्च होते. पक्ष्यांनी चरणे थांबवून माना उंच केल्या, तर आपण प्रमाणाबाहेर जवळ आलो आहोत असे समजून नाव मागे घ्यायला सांगावे. थवे उडायचे तेव्हा दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी वरून गेला की आपोआप उडतात.

पक्षी ओळखण्यातली एक चूक वारंवार पाहतो. पुस्तकातले लांब शेपटीचे चित्र मनात ठेवून लोक कमळपक्षी शोधत राहतात आणि समोर पाणवनस्पतींवर चालणारा तपकिरी, आखूड शेपटीचा पक्षी दुसराच कोणी समजून सोडून देतात. विणीचा काळ संपल्यावर त्याची ती शेपूट गळून जाते. हिवाळ्यात तो असाच दिसतो.

नाव अडकली तर

चिलिका उथळ आहे, बऱ्याच ठिकाणी पाणी कमरेइतकेही नसते, त्यामुळे मोटारीची नाव गाळात रुतणे ही नेहमीची घटना आहे. अशा वेळी मदत म्हणून कोणीही पाण्यात उडी मारू नये. खालचा गाळ मांडीपर्यंत ओढून घेतो आणि कालवांच्या धारदार कवचांनी पाय चिरतात. पुढचा भाग रुतला असेल तर नावाड्याच्या सांगण्यावरून एकेकाने बसत-सरकत मागे यावे, म्हणजे पुढचे वजन कमी होऊन नाव मोकळी होते. सर्वांनी एकदम उभे राहिल्यास ती कलंडू शकते. इंजिन गुरगुरत असूनही नाव पुढे सरकत नसेल तर बहुधा पंख्यात तण गुंडाळलेले असते. नावाडी इंजिन बंद करून दांडा वर उचलतो आणि हिरव्या दोरखंडासारखे झालेले तण सुरीने कापून काढतो. त्या पाच-दहा मिनिटांत घाई करू नये आणि जवळच्या बांबूंच्या रांगांना धरून नाव ओढू नये, कारण त्या रांगांवर कोणाची तरी जाळी आणि दिवसाची कमाई बांधलेली असते.

जीवरक्षक जाकीट मागून घ्यावे आणि त्याचे पट्टे बांधावेत. मांडीवर ठेवलेले जाकीट कामाचे नाही. जानेवारीत पहाटे दाट धुके असले तर ते उठेपर्यंत मोठ्या पाण्यात निघण्याचा आग्रह धरू नये. नलबणावर वनखात्याच्या परवानगीशिवाय उतरू नये आणि तिथे ड्रोन उडवू नये. संध्याकाळी खोलीवर आल्यावर गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने कॅमेरा व दुर्बीण पुसावी, कारण खारे तुषार वाळले की रिंगा घट्ट बसतात.

रेल्वेने जाणाऱ्यांना एक जादा सकाळ किंवा संध्याकाळ फुकट मिळते आणि बहुतेक जण ती झोपेत घालवतात. ब्रह्मपूरहून भुवनेश्वरकडे दिवसा जाणाऱ्या गाडीत उजवीकडची खिडकी घ्यावी. रंभा ते बाळुगाव या पट्ट्यात रूळ सरोवराच्या अगदी जवळून जातात, आणि दूरवर बेटांच्या निळ्या रेघा व पाण्यात रोवलेल्या बांबूंच्या रांगा दिसू लागतात.