जीपचे शॅकल: विकत घ्यावे की उद्यमनगरातून करून घ्यावे

कोल्हापूरजवळच्या गगनबावडा किंवा राधानगरीकडच्या कच्च्या वाटांवर जुनी जीप चालवणाऱ्यांना मागच्या चाकांकडून येणारा ‘टक्’ असा आवाज परिचयाचा असतो, आणि त्यावर बहुतेक जण आधी शॉकअ‍ॅब्सॉर्बर बदलून मोकळे होतात. माझ्या मते आधी शॅकल पाहावे. पाट्याचे (पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगचे) एक टोक चासीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, पिनेने पक्के जोडलेले असते आणि दुसरे शॅकलवर झुलते. चाक वर उचलले गेले की वाकलेला पाटा सरळ होऊन लांबतो, व ती वाढलेली लांबी सामावून घेण्याचे काम शॅकलच्या दोन पट्ट्या करतात.

तपासणीसाठी चासीखाली भक्कम घोड्या (आधाराचे स्टँड) लावून पाट्यावरचा भार उतरवावा आणि टॉमीने (लोखंडी दांड्याने) शॅकल हलवून पाहावे. केवळ बुश (बोल्टभोवतीची रबरी गादी) झिजला असेल तर बुश बदलून भागते. मात्र पट्टीचे भोक लंबगोल झाले असेल, पट्टी वाकली असेल किंवा बोल्टच्या दांड्यावर खाच पडली असेल, तर पट्ट्या आणि बोल्ट असा पूर्ण संच बदलावा.

गाडीच्या मॉडेलचा मूळ संच बाजारात मिळत असेल तर तो विकत घेणेच शहाणपणाचे आहे. दुकानात जाताना जुने शॅकल सोबत न्यावे, कारण एकाच गाडीचे पुढचे आणि मागचे शॅकल सारखे असतीलच असे नाही. भोकांच्या मध्यांमधील अंतर, बोल्टचा व्यास आणि दोन पट्ट्यांमधील आतली रुंदी ही तीन मापे व्हर्निअरने जुळवून पाहावीत.

संच मिळतच नसेल तर कोल्हापूरकराला फार हिंडावे लागत नाही. शिवाजी उद्यमनगरात किंवा शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत पट्टी कापून आणि भोके पाडून मिळतात. फौंड्रीचे गाव असल्याने कोणीतरी शॅकल ओतून देण्याची तयारीही दाखवेल, पण साधे बिडाचे ओतकाम धक्क्याने तडकते, त्यामुळे या कामाला ते अजिबात चालत नाही. आयएस २०६२ प्रतीच्या पोलादाची फ्लॅट पट्टी घ्यावी. जाडी मूळ पट्टीपेक्षा कमी नसावी आणि भोकाच्या मध्यापासून कडेपर्यंत बोल्टच्या व्यासाच्या किमान दीडपट धातू राहावा. म्हणजे बोल्ट १४ मिलिमीटरचा असेल तर हे अंतर किमान २१ मिलिमीटर येते, आणि ५० मिलिमीटर रुंदीची पट्टी निर्धास्त घेता येते.

खरे कसब भोकात आहे. माझा पहिला संच एका कारागिराने गॅसकटरने भोके पाडून दिला होता. बोल्ट त्यात सहज शिरला, तेव्हा मला बरेच वाटले. पण दोनच पावसाळी फेऱ्यांनंतर पट्ट्या काढल्या तर भोके अंड्याच्या आकाराची झाली होती आणि बोल्टवर नखाला जाणवेल इतकी खाच पडली होती. म्हणून डाव्या-उजव्या शॅकलच्या मिळून चारही पट्ट्या एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी ड्रिल कराव्यात, म्हणजे भोकांमधील अंतर चारही पट्ट्यांत तंतोतंत एकच येते. लेझरने कापून घेत असाल तर भोक थोडे लहान ठेवून शेवटचे माप ड्रिलनेच गाठावे.

बोल्ट ८.८ किंवा १०.९ ग्रेडचा, डोक्यावर तसा शिक्का असलेला घ्यावा. पट्टीतून जाणारा भाग आटे नसलेला हवा, कारण आट्यांवर टेकलेली पट्टी लवकर खाल्ली जाते. नट नायलॉक (आत नायलॉनचे कडे असलेला, सहज सैल न होणारा) घ्यावा. रबरी बुशला साधे ग्रीस लावू नये, त्याने रबर फुगते. बुशच्या आतली लोखंडी नळी मात्र बुशपेक्षा किंचित लांब असावी, म्हणजे पट्ट्या नळीवर घट्ट आवळल्या जातात आणि रबर चेपत नाही.

गाडी उंच करण्याच्या हौसेने पट्टी लांब करण्याचा मोह अनेकांना होतो. शॅकल ४० मिलिमीटरने वाढवले तर गाडी साधारण २० मिलिमीटरच उचलली जाते. त्याच्या बदल्यात मागच्या चाकांकडे डिफरन्शिअलचे तोंड वर होऊन प्रोपेलर शाफ्टच्या (इंजिनाची शक्ती मागच्या चाकांकडे नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसचा, म्हणजे सांध्याचा, कोन बदलतो. पुढच्या चाकांकडे, शॅकल पाट्याच्या पुढच्या टोकाला असेल तर कॅस्टर (चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे कललेला कोन) कमी होऊन स्टिअरिंग आपोआप सरळ होईनासे होते. शिवाय मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम ५२चा (गाडीच्या रचनेतील बदलांविषयीच्या) प्रश्न उभा राहतो तो वेगळाच. मूळ लांबी सोडू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

बसवताना वेल्डिंग पाट्याच्या जवळपासही करू नये, कारण उष्णतेने पाट्याचे पाणी, म्हणजे कडकपणा, उतरतो. बोल्ट आधी हाताने लावून गाडी चाकांवर उतरवावी, शॅकल ज्या बाजूचे असेल त्या बाजूवर वजन देऊन दोन-तीनदा दाबावी आणि मगच नट पूर्ण आवळावेत. गाडी अधांतरी असताना आवळल्यास रबरी बुश कायम पिळलेला राहतो व लवकर फाटतो. नट आणि पट्टीवर रंगाची एक सलग रेघ ओढून ठेवावी. पहिल्या कच्च्या रस्त्याच्या फेरीनंतर ती रेघ सरकलेली दिसली, तर पाना घेऊन पुन्हा गाडीखाली जावे.