जुन्या ट्रॉलीचा डबा शोधायचा तर

अमेरिकेतली ट्रॉली म्हणजे आपण जिला ट्राम म्हणतो ती. 1920 आणि 1930 च्या दशकांत तिथल्या ट्रॉली कंपन्या एकामागून एक बंद पडल्या. तेव्हा चाकं, मोटारी आणि तांब्याच्या तारांना भाव होता, लाकडी डब्याला नव्हता. बरेच डबे पेटवून दिले आणि राखेतून लोखंड-पितळ वेचलं. उरलेले किरकोळ किमतीला विकून टाकले. सॅन फ्रान्सिस्कोत तर त्याही आधी, 1895 मध्ये, घोड्यांच्या ट्रामचे डबे बाकांसकट 20 डॉलर आणि बाकांविना 10 डॉलर या दराने विकायला निघाले होते. समुद्रकिनाऱ्यावर अशा डब्यांची ‘कारव्हिल’ नावाची वस्तीच उभी राहिली.

त्यामुळे झाडीत, रुळांवर गंजत उभी असलेली ट्रॉली डोक्यातून काढून टाका. अशा सापडतात त्या बहुधा 1936 ते 1952 या काळात बनलेल्या पोलादी पीसीसी (एका ठरावीक नमुन्याच्या) गाड्या. त्या कुठे आहेत हे ठाऊक असतं आणि त्यांना मालकही असतो. हरवलेला असतो तो बिनचाकांचा लाकडी डबा. त्याचं पुढे तळ्याकाठचं घर, शिकाऱ्यांची खोली, खानावळ नाहीतर कोंबड्यांचं खुराडं झालेलं असतं.

सुरुवात कागदावर करा. ज्या गावात शोधायचंय तिथली ट्रॉली नेमकी कधी बंद झाली ती तारीख काढा, तीही मार्गानुसार, कारण मार्ग एकेक करून बंद होत. त्या तारखेपासून पुढची दोन वर्षं स्थानिक वर्तमानपत्रांच्या छोट्या जाहिराती चाळा. लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या ‘क्रॉनिक्लिंग अमेरिका’ संग्रहात पुष्कळ अंक फुकट मिळतात. नुसतं ‘ट्रॉली’ शोधलंत तर अपघात आणि भाडेवाढीच्या बातम्यांचा ढीग पडेल. ‘कार बॉडीज’, ‘स्ट्रीट कार बॉडी’, ‘ओल्ड ट्रॉली कार’ असे शब्द कंपनीच्या नावासोबत टाका. बारीक टायपातल्या जाहिराती यंत्राला नीट वाचता येत नाहीत, म्हणून पहिल्या तीन महिन्यांची जाहिरातींची पानं स्वतःच्या डोळ्यांनी वाचायची. काम कंटाळवाणं आहे, पण ते टाळलं तर पुढचं सगळं अंधारात दगड मारणं ठरतं.

दुसरा आधार सॅनबॉर्न कंपनीच्या आगविमा नकाशांचा. त्यांचं नेहमीचं प्रमाण 1 इंचाला 50 फूट. म्हणजे 40 फूट लांब आणि 8 फूट रुंद डबा कागदावर साधारण 20 मिलिमीटर बाय 4 मिलिमीटरचा दिसेल, आणि लाकडी बांधकाम म्हणून पिवळ्या रंगात. लांबी रुंदीच्या पाचपट असलेली शेड कुणी मुद्दाम बांधत नाही, त्यामुळे असा आयत दिसला की खूण करून ठेवा. हे नकाशे गावठाणापुरते असतात. शेतांसाठी 1930 च्या दशकापासून कृषी खात्याने काढलेले हवाई फोटो पाहावे लागतात. त्यांचं प्रमाण बहुधा 1:20,000, म्हणजे तोच डबा जेमतेम 0.6 मिलिमीटरचा ठिपका. त्यात ट्रॉली ओळखायला जाऊ नका. ट्रॉली बंद होण्याआधीच्या फोटोत नसलेला आणि नंतरच्या फोटोत उगवलेला ठिपका कुठे आहे, एवढंच बघा.

प्रत्यक्ष फिरायला पानगळ झाल्यावर आणि बर्फ पडण्याआधी जा. डबा ओढून नेणं खर्चाचं असे, म्हणून जुन्या मार्गाच्या आसपासचे रस्ते आधी घ्या. डब्यावर नंतर उतरतं छप्पर चढवलेलं असतं, बाहेरून फळ्या ठोकलेल्या असतात. तरी ओळीने सारख्या मापाच्या खिडक्या, गोलसर टोकं आणि भिंतीचा खालचा भाग किंचित आत वळलेला, या तीन खुणा सहसा लपत नाहीत. आत गेल्यावर वर पाहायचं. घराला कमानदार छत कशाला असेल? किंवा मधोमध उंचवटा आणि त्याच्या दोन्ही कडांना छोट्या खिडक्यांची रांग? ते दिसलं की डबाच, पण रुंदी मोजल्याशिवाय ट्रॉली म्हणू नका. ट्रॉली साधारण 8 ते 9 फूट रुंद असते, रेल्वेचा प्रवासी डबा 10 फुटांच्या आसपास. रस्त्याकडेच्या खानावळींपैकी पुष्कळशा मुळातच कारखान्यात डब्यासारख्या बनवलेल्या असतात. त्यांनी भलेभले फसतात.

परवानगीशिवाय कुंपण ओलांडू नका. काही राज्यांत झाडांवर मारलेला जांभळा पट्टा म्हणजेच प्रवेशबंदीची पाटी. मालकाचं नाव काउंटीच्या, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या, मालमत्ता नोंदीत मिळतं. उत्तरासाठी तिकीट लावलेला लिफाफा जोडून साधं पत्र पाठवा. डब्याची किंमत मात्र पहिल्या पत्रात विचारू नका, नाहीतर मालकाला घरात घबाड असल्याचा भास होतो.

डब्याची ओळख त्याच्या क्रमांकात असते. आतल्या टोकाच्या दाराच्या वर आणि बाहेरच्या दोन्ही टोकांना तो शोधा. वरून चार रंग चढलेले असले तरी जुन्या अक्षरांची कड किंचित उंच राहते. खोलीत अंधार करून विजेरी भिंतीला जवळजवळ टेकवा आणि प्रकाश तिरका सोडा. सपाट वाटणाऱ्या रंगावर आकड्याची बारीक सावली उमटते. फोटो त्याच उजेडात घ्या. रंग घासू किंवा खरवडू नका: त्यात शिसं असणार, आणि घासलेला थर परत येत नाही. क्रमांक मिळालाच नाही तर एका बाजूच्या खिडक्या मोजा. दोन खांबांमधलं अंतर, टोकाच्या भिंतींमधली लांबी आणि टपाचा आकार टिपून ठेवा. कंपनीच्या गाड्यांच्या यादीशी जुळवायला एवढं बहुधा पुरतं. दोन रुळांमधलं अंतर मात्र बिनचाकांच्या डब्यावरून कळत नाही.

आता डबा टिकलाय का ते. टपावर कॅनव्हास ताणून रंगाचे थर दिलेले असतात. तो फाटला की पाणी खिडक्यांमधल्या खांबांतून उतरतं आणि खांब ज्या खालच्या तुळईत बसतो तिथे मुरतं. म्हणून मालकाला विचारून तिथेच दाभण टोचून पाहा. चांगलं लाकूड दाभण अडवतं, कुजलेल्यात ते लोण्यासारखं आत जातं. नंतर चढवलेल्या छपराखालचा डबा, दिसायला कितीही कुरूप असला तरी, उघड्यावरच्या देखण्या डब्यापेक्षा बहुतेक वेळा चांगला निघतो. मग एका टोकाला उभं राहून खिडक्यांखालच्या पट्टीवर नजर लावा. टोकं झुकलेली असणं नेहमीचंच. मधोमध खोलगा असेल तर खाली वाका: दार पाडताना कुणीतरी तळाचा लोखंडी ताणदांडा कापलेला असू शकतो. असा डबा आधार न देता उचलला तर कमरेत मोडतो.

संग्रहालयाला कळवताना मापं, फोटो आणि मालकाची तयारी या तिन्ही गोष्टी एकत्र द्या. मेन राज्यातलं सीशोर ट्रॉली म्युझियम 1939 मध्ये एका उघड्या गाडीपासून सुरू झालं, पण आज कुठलंही संग्रहालय आलेला प्रत्येक डबा घेत नाही. तसाच डबा आधीच आहे का आणि त्याला बसणारी चाकं मिळतील का, हे ते आधी पाहतात. न्यायची वेळ आली तर रुंदी पुन्हा मोजा, यावेळी सर्वांत बाहेर आलेल्या भागापासून. अमेरिकेतल्या राष्ट्रीय महामार्गांवर 8 फूट 6 इंचांहून रुंद माल न्यायला वेगळा परवाना लागतो, आणि पायऱ्यांची किंवा पन्हाळीची एखादी पट्टी तेवढ्यासाठी पुरेशी असते. डबा हलेपर्यंत त्याचं नेमकं ठिकाण जाहीर करू नका. पितळी कड्या आणि रंगीत काचा सर्वांत आधी जातात.