व्ह्यूफाइंडरमधून पाहायचं की स्क्रीनवर?

डीएसएलआरच्या (आत आरसा असलेल्या कॅमेऱ्याच्या) व्ह्यूफाइंडरमध्ये, म्हणजे मागच्या छोट्या खिडकीत, डोळा लावला की आरशावरून वळून आलेला खराखुरा प्रकाश दिसतो. त्यामुळे चित्र अजिबात मागे पडत नाही. उडता पक्षी किंवा धावतं मूल टिपायला हाच उत्तम. पण एक्स्पोजर (फोटोचा उजेड) चुकलंय, व्हाइट बॅलन्स (रंगांचा समतोल) बिघडलाय, हे तिथल्या चित्रावरून कळत नाही. ते स्क्रीनवर दिसतं; त्यातही एक्स्पोजर दिसतं ते एक्स्पोजर सिम्युलेशन (फोटो येईल तितकाच उजेड स्क्रीनवर दाखवणारी सोय) चालू असेल तरच.

सुरुवातीच्या श्रेणीतल्या बऱ्याच डीएसएलआरमध्ये व्ह्यूफाइंडर चौकटीचा साधारण ९५ टक्केच भाग दाखवतो. कडेला न दिसलेली फांदी फोटोत येते ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट फार जणांच्या लक्षात येत नाही. फोटो नीट येतो, पण व्ह्यूफाइंडरमध्ये सगळं धूसर दिसतं? मग दोष लेन्सचा नाही. आयपीसशेजारी (डोळा लावायच्या काचेजवळ) छोटं डायऑप्टर चाक असतं, व्ह्यूफाइंडर आपल्या नजरेला जुळवून घ्यायला. कॅमेरा एखाद्या फिक्या भिंतीकडे धरा आणि आतले आकडे व फोकसचे चौकोन काळेभोर, रेखीव दिसेपर्यंत ते फिरवा. समोरच्या दृश्याकडे पाहून फिरवू नका, नाहीतर फोकसची चूक आणि चष्म्याचा नंबर यांची गल्लत होते. चष्मा लावूनच फोटो काढत असाल, तर चष्म्यासकटच जुळवा.

ट्रायपॉडवर, जमिनीलगत किंवा मॅन्युअल फोकस करताना मात्र स्क्रीनच बरा: लाइव्ह व्ह्यूमध्ये (स्क्रीनवरच्या थेट चित्रात) १० पट मोठं करून कडा तपासता येतात. हातात धरून स्क्रीन बघताना हात लांब जातात आणि कॅमेरा हलतो. कोपरं अंगाशी घट्ट ठेवा. स्क्रीनमुळे बॅटरीही लवकर उतरते.