रेंजर व्हायचंय? आधी पंचनामा लिहायला शिका

वनक्षेत्रपालाची जाहिरात आली की पोरांची पहिली धास्ती ठरलेली: चार तासांत २५ किलोमीटर चालणं जमेल का? जमेल हो. दोन-तीन महिने पहाटे चाला आणि कोरे बूट चाचणीच्या दिवशी घालू नका. त्या विषयात याहून जास्त काही नाही.

मी आपटलो ते भलतीकडेच. रुजू होऊन तिसरा महिना. रात्री दीडला सागाची पिकअप पकडली, अकरा नग, म्हणजे ओंडके. धो-धो पाऊस. वनरक्षक म्हणाला, "साहेब, बाकीचं सकाळी ऑफिसात लिहू." मी मान डोलावली. सकाळी चहा पीत लिहिलं, 'सागवान नग ११'. नगवार लांबी-गोलाई नाही. थुटं, म्हणजे तोडलेल्या झाडांचे जमिनीत उरलेले बुंधे, मोजली चार दिवसांनी. कक्ष क्रमांक, म्हणजे जंगलाच्या तुकड्याचा नंबर, १४२ चा १२४ झाला. एक पंच तर आरोपीचा चुलतभाऊ निघाला! कोर्टात वकिलानं एकच विचारलं, "हा माल त्याच थुटांचा, कशावरून?" मी गप्प. आरोपी सुटला, पाठोपाठ गाडीही.

१९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचं कलम ६९ मला तोंडपाठ होतं. त्यानं माल सरकारचा आहे एवढं गृहीत धरता येतं. तो कुणी तोडला, कुठून तोडला, हे तुमच्या कागदालाच सांगावं लागतं. म्हणून जागेवर लिहा. टॉर्च तोंडात धरावी लागली तरी जागेवरच. प्रत्येक नगाचं माप, प्रत्येक थुटाला नंबर, खात्याच्या हातोड्यानं मालावर ठोकलेली निशाणी, वेळ, पंचांच्या सह्या, सगळं तिथंच. कक्ष क्रमांक नकाशावर बोट ठेवून वाचा, आठवणीतून नको.

हे क्लासच्या नोट्सांत नसतं. त्या नोट्सांवर माझा जुना राग आहे, तो असो. निवृत्तीला टेकलेला एखादा वनपाल भेटला तर त्याच्या मागं मागं हिंडा. आमच्या वनपालमामांनी मला थुटाची चकती कापून नगाच्या तोंडाला लावून दाखवली. वलयाला वलय जुळलं. दोन वर्षांच्या अभ्यासात मला हे कुणी दाखवलं नव्हतं.

आणि बांबूचा भारा दिसला की लगेच हात टाकू नका. २००६ चा वनहक्क कायदा आधी वाचा, तो बांबू गावाच्या हक्काचा असू शकतो. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाच्या ग्रामसभेकडे २०११ पासून स्वतःचं वाहतूक परवाना पुस्तक आहे.

ती केस गेल्यावर आठवडाभर झोप नव्हती, नोकरीच गेली असं वाटायचं. तसं काही होत नाही, घाबरू नका. पुढच्या केसचा पंचनामा साडेतीन पानी झाला, पावसानं शाई फुटलेली. उलटतपासणीत वकिलानं थुटांचा विषयच काढला नाही.