खालच्या कवळीची पकड: तुलना पहिल्या दिवशी करू नका

खालची कवळी जबड्याच्या हाडात रोवलेल्या दोन इम्प्लांटवर ज्या जोडांनी अडकते, त्या अटॅचमेंट; त्यातला झिजणारा, बदलता येणारा तुकडा म्हणजे इन्सर्ट. नवं इन्सर्ट बसवलं त्या दिवशी प्रत्येक अटॅचमेंट बहाद्दर असते. माझ्या हाताखाली शिकणारी मुलं नेमका त्याच दिवसाचा आकडा धरून ‘लोकेटर (नायलॉनच्या इन्सर्टचा जोड) बरा की बॉल (गोळा आणि रबरी ओ-रिंगचा जोड)’ असा वाद घालतात. मी विचारतो, कुठल्या रंगाचा लोकेटर? इन्सर्टच्या रंगावर पकड ठरते: निळा दीड पौंडाचा, गुलाबी तीनचा, पारदर्शक पाचचा. म्हणजे साधारण ७, १३ आणि २२ न्यूटन. नोंदीत नुसतं ‘लोकेटर’ लिहिलं असेल तर ती फाडून टाका. दोन इम्प्लांटमधला कोनही लिहा, कारण ते तिरके असले की नायलॉन एका कडेनं लवकर झिजतं.

फोर्स गेजचा (ओढायला किती जोर लागतो ते मोजणाऱ्या उपकरणाचा) हूक दर वेळी एकाच जागी अडकवायचा. मी दोन्ही इम्प्लांटच्या मधोमध अडकवतो आणि सरळ वर ओढतो. दाढेकडून ओढलं तर कवळी उचलली न जाता फिरते आणि आकडा वेगळाच येतो. कवळी लाळेनं ओली असू द्या. तीनदा ओढून मधला आकडा घ्या. उगाच खेचत बसू नका, त्यानंही इन्सर्ट झिजतंच.

सुरुवातीची घसरण जोरात असते, म्हणून खरी तुलना महिन्याभरानंतरच्या आकड्यापासून धरा. पुढे सहा महिन्यांनी, मग दर वर्षी. पेशंट दिवसातून कितीदा कवळी काढतो आणि ती कशात भिजवतो, हे विचाराच. ब्लीचच्या पाण्यानं नायलॉनची पकड कमी होते. प्रयोगशाळेत दिवसाला तीनदा काढ-घाल धरून साडेपाच हजार फेऱ्यांना पाच वर्षं म्हणतात, पण तिथलं यंत्र सहसा सरळ ओढतं, चावत नाही. तो आलेख तोंडाला चिकटवू नका.

नुसत्या टक्केवारीनंही फसायला होतं. समजा अटॅचमेंटची एक जोडी ४० वरून २० न्यूटनवर आली आणि चुंबकाची अटॅचमेंट ६ वरून साडेपाचवर. निम्मी पकड गेलेली जोडी अजून भक्कम आहे, आणि जेमतेम घटलेलं चुंबक काठावर, कारण ५ ते ७ न्यूटन पुरेसे धरतात. चुंबकाचं वेगळंच दुखणं: ते घासून फारसं ढिलं होत नाही, पण वरचं कवच फुटून लाळ आत गेली की गंजतं.

आता खरी गोम. पेशंट ‘ढिली झाली’ म्हणतो आणि आपण इन्सर्ट बदलून मोकळे होतो. त्याआधी एका बाजूच्या दाढेवर बोट दाबा. कवळी मागे खाली बसत असेल आणि गेज मात्र जुनाच आकडा दाखवत असेल, तर हिरडीखालचं हाड झिजलंय. तिथे रीलाइनच हवं, म्हणजे कवळीची आतली बाजू हिरडीला पुन्हा जुळवून घ्यायची. नुसतं इन्सर्ट बदललं तर तेही हेलकाव्यांनी लवकर जाईल. रीलाइननंतर नोंद नव्यानं सुरू करा.

आणि त्याच रंगाचं नवं इन्सर्ट घालूनही आकडा पहिल्याच्या आसपास पोचत नसेल, तर अबटमेंट (इम्प्लांटवर बसवलेला, इन्सर्ट ज्यावर अडकतं तो भाग) भिंगाखाली बघा. कड घासून गुळगुळीत झाली असेल, तर अबटमेंटच बदलावं लागतं. बॉलचंही तेच: ओ-रिंग कितीही नवी असली तरी झिजलेल्या गोळ्यावर ती धरत नाही.