पीव्हज नाही म्हणून पिक्चर वाईट? कादंबरी आणि सिनेमावर लिहिताना या चुका टाळा

साताऱ्यात आमच्या घरी महिन्यातल्या एका रविवारी आठवी ते अकरावीची दहा-बारा पोरं जमतात. एक कादंबरी वाचून यायचं, तिच्यावरचा सिनेमा बघून यायचं आणि दोन्हींवर मिळून एक पान लिहून आणायचं, एवढाच नियम. कंदी पेढे माझ्याकडून. सुरुवातीला पोरांची पानं वाचून मला वाटायचं, यांना लिहिता येत नाही. म्हणून एकदा नमुना म्हणून मीच 'शाळा'वर लिहून वाचून दाखवलं. मिलिंद बोकीलांची कादंबरी २००४ ची, सुजय डहाकेंचा सिनेमा २०१२ च्या जानेवारीत थिएटरात लागला. दोन्हींतले सतरा फरक मी नंबर घालून काढले होते. वाचून झालं, मी चष्मा काढला, तर दहावीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, ते सगळं ठीक. पण पिक्चर बघायचा का नाय, ते कुठं लिहिलंय?"

कुठंच लिहिलं नव्हतं. तेव्हापासून मी चुका जमवते आहे. निम्म्या तरी माझ्याच आहेत.

फरकांची यादी

ही चूक सगळ्यात जास्त होते, कारण यादी करायला सोपी असते आणि केली की भरपूर काम केल्यासारखं वाटतं. हॅरी पॉटरचा विषय निघाला की आमच्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं: "सिनेमात पीव्हज नाही." बरोबर आहे. हॅरीच्या जादूच्या शाळेत, हॉगवर्ट्सभर धिंगाणा घालणारा तो भुतासारखा खोडकर पीव्हज आठपैकी एकाही सिनेमात दिसत नाही. पहिल्या सिनेमासाठी त्याचं चित्रीकरणसुद्धा झालं होतं, पण ते कापलं गेलं. ऐकायला मजा येते. पण मी विचारते, "बरं, मग?" त्यावर पोरं गप्प. पीव्हज गेल्याने गंमत थोडी कमी झाली, गोष्ट कुठेच अडली नाही.

आता त्याच मालिकेतला दुसरा फरक बघा. तिसऱ्या पुस्तकात एक जादूचा नकाशा आहे, त्यावर मुनी, वर्मटेल, पॅडफुट आणि प्राँग्स अशी चार टोपणनावं आहेत. पुस्तक सांगतं की तो नकाशा हॅरीचे वडील आणि त्यांचे तीन मित्र यांनी शाळेत असताना बनवला. त्यातले तिघे प्राण्याचं रूप घ्यायला शिकले होते, आणि वडील नर हरिण व्हायचे. म्हणून हॅरीच्या कांडीतून रक्षण करायला हरिण बाहेर येतं, तेव्हा वाचणाऱ्याच्या अंगावर काटा येतो. मेलेला बाप अशा रीतीने पोराच्या मदतीला आलेला असतो. २००४ च्या सिनेमात नकाशा आहे, हरिणही आहे, पण नकाशा कुणी केला हे कुणीच सांगत नाही. पुस्तक न वाचलेल्या माणसाला तिथे फक्त एक देखणं, चमकणारं हरिण दिसतं. इथे "बरं, मग?" ला उत्तर आहे, आणि ते उत्तर म्हणजेच परीक्षणाचा परिच्छेद.

तेव्हा यादी जरूर करा, पण ती कच्च्या वहीत. प्रत्येक फरकापुढे "बरं, मग?" असं लिहा. उत्तर आलं नाही तर ओळ खोडा. माझ्या सतरांपैकी तीन उरले होते.

पुस्तकातला 'मी' कुठे गेला?

पोरांच्या पानांत एक वाक्य दर महिन्याला येतं: "पुस्तकात भावना जास्त आहेत, सिनेमात कमी." बरीच वर्षं मी त्यावर नुसती लाल रेघ मारत होते. मग लक्षात आलं की त्यांना काहीतरी खरंच जाणवलेलं असतं, फक्त त्याचं नाव सापडत नाही.

किशोरवयीन कादंबऱ्यांमधल्या कितीतरी 'मी'ने सांगितलेल्या असतात. 'शाळा'त आणीबाणीच्या काळातला नववीतला मुकुंद जोशी बोलतोय. त्याला शिरोडकर आवडते हे त्याला कळतं. घरातले, शाळेतले मोठे लोक असे का वागतात हे मात्र अर्धंच कळतं. वाचणाऱ्याला त्याच्यापेक्षा थोडं जास्त कळतं, आणि सगळी गंमत आणि सगळा चटका त्या थोड्याशा अंतरात आहे. सिनेमात कॅमेरा जोशीच्या डोक्यात बसू शकत नाही. तो समोर उभा राहतो आणि आपल्याला जोशीचा चेहरा दिसायला लागतो, जो पुस्तकात कधी दिसलेलाच नसतो. मग दिग्दर्शकाला त्या आतल्या आवाजाच्या बदल्यात दुसरं काहीतरी शोधावं लागतं. एखादी नजर, लांबलेली शांतता, मागून येणारं निवेदन. ते त्याला सापडलं का, एवढा प्रश्न विचारला तरी अर्धं पान भरतं. याच गोष्टीवर 'गमभन' नावाचं नाटकही आलं. रंगमंचावर तर कॅमेऱ्याची जवळची नजरही हाताशी नसते, तिथे आणखी तिसराच मार्ग काढावा लागतो.

उपाय म्हणून दोन प्रश्न आधी पुस्तकाला आणि मग सिनेमाला विचारा. हे कोण सांगतंय? आणि सांगणाऱ्याला काय माहीत नाहीये?

'द हंगर गेम्स'वर हे चटकन कळतं. २००८ च्या कादंबरीत सरकारने भरवलेल्या जीवघेण्या खेळात उतरलेली कॅटनिस वर्तमानकाळात बोलते: मी पळतेय, मी लपलेय. खेळ चालवणारे काय बेत करतायत हे तिला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. २०१२ चा सिनेमा आपल्याला सरळ त्या चालवणाऱ्यांच्या खोलीत नेऊन बसवतो. आग कोण लावतं, नियम कोण बदलतं, सगळं डोळ्यांदेखत. यात मिळालं काय, तर सत्तेचं यंत्र दिसलं. गेलं काय, तर कॅटनिसबरोबरची आपली धाकधूक. आमच्याकडे एका पोराने लिहिलं होतं, "सिनेमावाल्यांनी लेखिकेचा विश्वासघात केला." पटकथाकारांत स्वतः सुझन कॉलिन्स आहेत, हे त्याने श्रेयनामावलीत बघितलंच नव्हतं. विश्वासघात, वाट लावली, असले शब्द लिहिण्याआधी पटकथा कुणाची ते वाचा. रूपांतरित पटकथेला तेव्हा राष्ट्रीय पुरस्कारांत वेगळा पुरस्कार होता, आणि 'शाळा'साठी तो अविनाश देशपांडे निगडी यांना मिळाला होता. आमच्या कुठल्याच पानावर त्यांचं नाव आलं नव्हतं, माझ्यासुद्धा.

याच मुद्द्याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण 'वंडर'. २०१२ च्या या कादंबरीतला ऑगी जन्मापासून वेगळ्या चेहऱ्याचा आहे, आणि सुरुवातीलाच तो सांगून टाकतो की मी कसा दिसतो याचं वर्णन करणार नाही. त्यामुळे प्रत्येक वाचणारा मनातल्या मनात स्वतःचा एक चेहरा तयार करतो आणि मग स्वतःच्याच कल्पनेला थोडा लाजतो. सिनेमाला ही सोय नाही. २०१७ चा सिनेमा त्याला अंतराळवीराचं हेल्मेट घालून थोडा वेळ लपवतो खरा, पण ते कधीतरी काढावंच लागतं. काढलं की प्रेक्षकाचं काम बदलतं. कल्पना करणं संपतं, बघणं सुरू होतं. शाळेतली मुलं ऑगीकडे बघतात तसं आपण बघतोय का, हे आता सिनेमा आपल्याला विचारतो. कुठलं बरं, ते तुम्ही ठरवा, पण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे तरी पानावर आलं पाहिजे.

(लोइस लोरींच्या 'द गिव्हर'मध्ये तर पुस्तक याहून मोठी गोष्ट कितीतरी पानं लपवतं आणि सिनेमाला ती पहिल्याच दृश्यापासून दाखवावी लागते. काय ते सांगत नाही. वाचलं नसेल तर आधी पुस्तक वाचा. रहस्य फोडणं ही चूक वेगळी लिहायची गरज नव्हती, पण राहवत नाही.)

आपल्या बालपणाचा राग सिनेमावर काढणं

ही खास आमच्या वयाच्या लोकांची चूक. भा. रा. भागवतांचा बनेश फेणे, म्हणजे 'फास्टर फेणे', आमचा फाफे, हा फुरसुंगीचा शाळकरी पोरगा. २०१७ च्या सिनेमात तो मेडिकलच्या प्रवेश परीक्षेसाठी पुण्यात आलेला तरुण झाला आणि माझी चिडचिड झाली. "आमचा फाफे असा नव्हता!" असं मी ताडकन म्हणाले. पोरांना सिनेमा आवडला होता, ती माझ्याकडे बघत राहिली.

मुद्दा चुकीचा नव्हता, मांडणी चुकीची होती. वय वाढवलं की साहसाची जातच बदलते. शाळकरी पोराचं म्हणणं कुणी मनावर घेत नाही, तो सायकलवरून गुन्हेगाराच्या मागे लागतो तेव्हा धोका आपोआप मोठा होतो. तरुण माणूस मारामारी करू शकतो, त्याला धोका वाटायला खलनायक जास्त क्रूर लागतो. मग सिनेमाचा सूर आपसूक काळोखा होतो. 'द गिव्हर'मध्येही बारा वर्षांचा जोनस सिनेमात सोळाचा झालाय. त्यामुळे काय झालं ते लिहा. तुम्ही लहानपणी कुठल्या खिडकीत बसून वाचायचात, ते सोडून द्या.

बोध आणि काळा-पांढरा रंग

"या पुस्तकातून आपल्याला खूप काही शिकायला मिळते." हे वाक्य दिसलं की मी पेढा देत नाही. शाळेच्या निबंधातून ते चिकटतं आणि सुटता सुटत नाही. 'श्यामची आई'वर लिहायला सांगितलं तेव्हा बारापैकी अकरा पानांचा शेवट संस्कारांवर झाला.

बाराव्या पानावर एक बरा प्रश्न होता: नवीन सिनेमा काळा-पांढरा का? त्यावर आमचा अख्खा रविवार गेला. अत्र्यांचा 'श्यामची आई' १९५३ चा, पहिल्या राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळवणारा. तोही काळा-पांढराच, पण तेव्हा बहुतेक सिनेमे तसेच निघत. २०२३ चा सिनेमा पुन्हा सुजय डहाकेंचाच, आणि आता रंग फुकट असताना त्यांनी तो घेतला नाही. पडद्यावर दिसायला सारखंच, पण एका ठिकाणी ती काळाची रीत होती, दुसऱ्या ठिकाणी कुणीतरी केलेली निवड. परीक्षणात दोन्हींना एकाच मापाने मोजलं की घोटाळा होतो. निवड असेल तर ती का केली हे विचारायचा हक्क आपल्याला आहे, आणि उत्तर पटलं नाही तर तसं लिहायचाही.

बारीकसारीक

अनुवाद वाचला असेल तर अनुवादकाचं नाव लिहा. भाषा खटकली तर दोष मूळ लेखकाच्या माथी मारू नका. पाचपैकी किती तारे हे शेवटी सुचत नसेल तर देऊच नका. मोबाईलवर दीडपट वेगाने बघितलेल्या सिनेमाला "संथ नाही" म्हणू नका, हे खरंच घडलं आहे. सिनेमा आधी बघितला असेल तर तसं सरळ कबूल करा, कारण मग पुस्तकभर त्या नटाचाच चेहरा दिसत राहतो. आणि पुस्तक मिळालं नाही ही सबब साताऱ्यात तरी चालत नाही. गावात नगर वाचनालय आहे, आणि पाचगणीजवळचं भिलार २०१७ पासून पुस्तकांचं गाव आहे. तिथे लोकांच्या घरांत मांडून ठेवलेली पुस्तकं बसून वाचायला पैसे पडत नाहीत. स्ट्रॉबेरीला पडतात.

पहिलं वाक्यच सुचत नसेल तर

पुस्तक मिटा, मोबाईल उलटा ठेवा आणि डोळ्यांपुढे पहिलं येतं ते लिहा. पुस्तकातलं एक, सिनेमातलं एक. कथासार नको, मत नको. ही दोन वाक्यं शेजारी आली की तिसरं बहुतेक वेळा आपण होऊन येतं.

मागच्या महिन्यात 'बनगरवाडी' होतं. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ ची, अमोल पालेकरांचा सिनेमा १९९५ चा. तशी ती मोठ्यांसाठी लिहिलेली, पण सांगणारा मास्तर स्वतःच पोरसवदा आहे, म्हणून घेतली. आमच्यात माण तालुक्यातला एक मुलगा आहे, शिकायला साताऱ्यात मामाकडे राहतो. घरी मेंढरं आहेत. तो सहसा चार ओळींच्या पुढे जात नाही. त्याने दोनच वाक्यं आणली होती.

"पुस्तकातली मेंढरं मला वासावरून ओळखता आली. सिनेमातली मी मोजत बसलो."

तिसरं वाक्य विचारलं तर म्हणाला, "विचार चाललाय, बाई."