या चुका टाळा: कार्बन फायबरचे पार्ट, साचा आणि लेझरवरचा आंधळा विश्वास

नाशिकजवळ ओझरला तेजस लढाऊ विमानाची लाइन सुरू झाल्यापासून आमच्या अंबडच्या शेडमध्ये कंपोझिट (रेझिन म्हणजे राळेत घट्ट बसवलेले कार्बनचे धागे) शिकायला येणारी मुलं वाढली आहेत. चांगलंच आहे. त्या विमानाच्या एअरफ्रेमचं सुमारे 45 टक्के वजन कंपोझिटचं असतं, म्हणजे काम राहणार. पण दर बॅचला त्याच चुका बघून मी कंटाळले आहे. आमच्याकडे प्लाय, म्हणजे कार्बनच्या कापडाचा एकेक थर, कापायला सीएनसी (संगणकावर चालणारा) कटर आहे, साच्यावर जागा दाखवायला लेझर प्रोजेक्टर आहे, बाकी सगळं हातानं. निम्मा घोळ या अर्ध्या ऑटोमेशनमुळेच होतो. मशिन आहे म्हटलं की पोरं डोळे मिटून घेतात.

पालथी पडलेली प्लाय

एका ट्रेनीनं 16 प्लायचा आयताकृती पॅनेल लावला. लेझरच्या हिरव्या रेषेत काठ न् काठ बसवला होता, हात सुंदर. ऑटोक्लेव्हमधून (दाबाच्या भट्टीतून) पॅनेल बाहेर आला तो वाळत घातलेल्या पापडासारखा पिळलेला. एक कोपरा टेबलावर दाबला की समोरचा वर उठायचा. ‘ताई, लेझरवर तर बरोबर बसत होतं!’

बसणारच. आयताची प्लाय पालथी घातली तरी काठ जुळतो, पण धाग्याचा +45 अंशांचा कोन -45 होतो. लेझर काठ दाखवतं, धागा दाखवत नाही. एका उलट्या प्लायनं वरच्या-खालच्या थरांचा तोल मोडला, आणि 180 अंशांवरून थंड होताना थर आपापल्या दिशेनं आकसले. पॅनेल स्क्रॅप.

तेव्हापासून मी कटरवरून प्लाय उचलण्याआधी तिच्या बॅकिंग पेपरवर नंबर, कोन आणि दिशेचा बाण लिहायला लावते. लावणाऱ्यानं कोन मोठ्यानं म्हणायचा, दुसऱ्यानं शीटवर टिक करायची. मुलांना ही बालवाडी वाटते. वाटू दे. सोललेले कागदही मोजायचे: 16 प्लाय, तर 16 कागद. एक कमी भरला तर तो पार्टच्या पोटात आहे. अल्ट्रासॉनिक स्कॅन त्याला शोधून काढेलही, पण तोवर पार्ट भाजून झालेला असतो.

आणि साचा जरा जरी हलला तरी लेझर पुन्हा साच्यावरच्या टार्गेटवर (खुणांवर) जुळवा. ‘थोडासाच सरकला’ हे मला सांगू नका.

फ्रीझरमधून काढला की लगेच फोडला

प्रीप्रेगचा (आधीच रेझिन भरलेल्या कापडाचा) रोल उणे 18 अंशांवर ठेवतात. थंड रोलची पिशवी जुलैच्या नाशिकमध्ये उघडली तर काय होईल, हे फ्रिजमधली बाटली बाहेर ठेवून बघा. तसाच घाम रोलला सुटतो. ते पाणी रेझिनसोबत भाजलं जातं, वाफ होते आणि पार्टच्या आत बारीक पोकळ्या राहतात. वरून पार्ट आरशासारखा दिसेल, स्कॅनमध्ये चाळण निघेल. पिशवी सीलबंद असतानाच रोल खोलीच्या तापमानाला आला पाहिजे. लहान रोलला काही तास, मोठ्याला अख्खी रात्र. मी आदल्या संध्याकाळीच काढून ठेवते. एकानं घाई म्हणून हेअर ड्रायर लावला होता. त्याला मी आठवडाभर फक्त साचे पुसायला दिले. रोल किती तास बाहेर होता तेही कार्डावर लिहा, नाहीतर पुढच्या शिफ्टला त्याचं उरलेलं आयुष्य कळणार कसं?

बॅगिंग

साच्यावर लावलेले थर प्लास्टिकच्या फिल्मनं झाकून आतली हवा पंपानं ओढायची, हे बॅगिंग. ती फिल्म ताणून बसवू नका. आतल्या कोपऱ्यात ती अधांतरी राहते, तिथे दाब पोचत नाही, आणि ऑटोक्लेव्हच्या 6-7 बारला फाटली तर सगळंच गेलं. साडीला काढतो तशा निऱ्या काढा, कोपऱ्यांपाशी जास्त. साडी नेसणाऱ्या मुली हे पहिल्याच दिवशी शिकतात.

गेजबद्दल एक. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे 600 मीटरवर आहे, त्यामुळे इथे पूर्ण व्हॅक्यूमही गेजवर पाऱ्याच्या 28 इंचांच्या आसपासच थांबतो. पुस्तकातले 29.9 इंच दिसत नाहीत म्हणून चांगली सीलंट टेप उपटणारे महाभाग मी पाहिले आहेत. आकड्यापेक्षा घट बघा: पंप बंद करून पाच मिनिटं काटा किती उतरतो ते. या पाच मिनिटांत चहाला जायचं नाही.

बाकीचं थोडक्यात

अॅल्युमिनियमचा साचा स्वस्त पडतो म्हणून लांब पार्टला वापरू नका. 2 मीटरचा साचा 180 अंशांना सुमारे 7 मिलिमीटर वाढतो, कार्बन जवळजवळ वाढतच नाही. इनव्हारचा (तापल्यावर फार कमी वाढणाऱ्या लोखंड-निकेलच्या मिश्रधातूचा) तेवढाच साचा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास वाढतो, पण त्याची किंमत ऐकून मालक गप्प होतात.

रिलीज एजंटचा (पार्ट साच्याला चिकटू नये म्हणून लावतात त्याचा) एक हात पुरत नाही. दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ जाऊ द्या.

सिलिकॉनवालं हेअर सीरम किंवा हँडक्रीम लावून लेअप रूममध्ये (थर लावायच्या खोलीत) येऊ नका. ग्लोव्हज घालूनही हात केसांना जातोच, आणि प्लायला सिलिकॉन लागलं की तिथे बाँडिंग धरत नाही.

चार-पाच प्लाय झाल्या की व्हॅक्यूम लावून दाबून घ्या. शेवटी एकदम दाबू म्हणणाऱ्यांच्या कोपऱ्यात सुरकुत्या असतात.

ट्रिमिंगला बोथट कटर लावला तर काठाचे थर सुटतात. डायमंडचा वापरा, धूळ ओढणारं मशिन आधी चालू करा, आणि मास्क गळ्यात नको, नाकावर.